बंग की बंद? पिंपाच्या एका बुचाची गोष्ट

मेलबर्नच्या ताईचा, म्हणजे माझ्या मावसबहिणीचा, मेसेज आला: ‘डिशवॉशर बंग झालाय. दोन दिवस भांडी हाताने घासतेय.’ मी मनातल्या मनात तिचं शुद्धलेखन सुधारलं. ताई रोमन अक्षरं दाबून मराठी लिहिते आणि पाठवण्याआधी वाचत नाही. मागे एकदा ‘आईला बरं वाटतंय’च्या जागी ‘आईला बारा वाटतंय’ असं पाठवून तिने घरात खळबळ उडवली होती. म्हणून मी विचारलं, ‘बंद कशाने पडला?’ उत्तर आलं, ‘बंद नाही गं, बंगच. इथे असंच म्हणतात.’

मी भाषांतराची कामं करते, त्यामुळे ‘बंग’ हा इंग्रजी शब्द मला अनोळखी नव्हता. पण मला माहीत असलेला बंग म्हणजे लाकडी पिंपाच्या भोकात ठोकलेलं बूच. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत, खेळाच्या पानावर, तोच बंग लाच होऊन येतो. शेक्सपिअरच्या एका नाटकात एक बाई एका बढाईखोराला हाकलताना तो शिवीसारखा वापरते. आणि आता हा बिघडलेला डिशवॉशर. बूच, लाच, शिवी, बिघाड. एवढ्याशा शब्दात इतका संसार मावला कसा, हे शोधायला बसले तेव्हा कळलं की हा एकाचा संसार नाहीच. एकाच आडनावाची तीन बिऱ्हाडं एका वाड्यात राहावीत आणि त्यांचं आपसात काही नातं नसावं, तसा हा प्रकार आहे.

आधी बूच. ते नीट डोळ्यांपुढे आलं की पुढचे अर्थ सोपे जातात.

लाकडी पिंप म्हणजे ओकच्या वाकवलेल्या फळ्या, त्यांना बाहेरून लोखंडी पट्टे, आणि दोन्ही टोकांना गोल झाकणं. मधे पोट फुगलेलं. हे पोट शोभेसाठी नसतं. त्यामुळे भरलेलं पिंप एकटा माणूस आडवं लोळवत नेऊ शकतो आणि हवं तिथे वळवू शकतो. पिंप आडवं ठेवलं की पोटाचा वरचा फुगवटा ही सगळ्यात उंच जागा. आतली हवा तिथे गोळा होते. म्हणून भरायचं भोक त्याच जागी, पोटावरच्या एका रुंद फळीत पाडतात. त्या भोकात बसणारं निमुळतं लाकडी बूच म्हणजे बंग.

ते बसवायला लाकडी हातोडा पुरतो. काढायची युक्ती मात्र मला फार आवडली. फुगून घट्ट झालेल्या बुचाला कारागीर हात लावत नाही. लवचीक दांड्याचा एक हातोडा घेऊन तो बुचाच्या अलीकडे-पलीकडे त्या फळीवर फटके मारतो. फळी दबते, उसळते, पुन्हा दबते, आणि बूच आपसूक वर येऊन टुणकन उडतं.

इंग्लंडमधल्या जुन्या पद्धतीच्या पबमध्ये हे बूच आजही रोजच्या कामात आहे. तिथे बिअरचं शेवटचं आंबणं पिंपातच होतं, तळघरात. पोटावरच्या भोकात बसतं ते जाड चकतीसारखं बूच, त्याला ते लोक शाइव्ह म्हणतात. त्याच्या मध्यभागी अर्धवट कोरलेलं बारीक छिद्र असतं. तळघर सांभाळणारा माणूस त्यात एक खुंटी ठोकून ते आरपार करतो. ही खुंटी म्हणजे स्पाइल, आणि ती दोन जातींची. मऊ लाकडाची किंवा बांबूची खुंटी श्वास घेते. तिच्यातून आतला वायू हळूहळू बाहेर पडतो, वर फेस बुडबुडत राहतो. फेस शांत झाला की ती काढून कडक लाकडाची खुंटी बसवायची. मग वायू आत कोंडून राहतो. हा बदल करायला विसरलात तर बिअर मेली, पाणचट झाली म्हणून समजा. म्हणजे भोक बंद करणं एवढंच बुचाचं काम नाही. केव्हा बंद करायचं आणि केव्हा किंचित मोकळं सोडायचं, यावर आतला माल ठरतो.

आता शब्द. इंग्रजीत ‘बंग’ पंधराव्या शतकाच्या मध्याला दिसू लागतो, आणि तो आला बहुधा समुद्रापलीकडून, मधल्या काळातल्या डच भाषेतून. फ्रेंचमध्ये याच वस्तूला ‘बाँद’ म्हणतात. (उच्चार आपल्या ‘बंद’च्या इतका जवळ की मोह आवरत नाही. आवरा, कारण पुढे सांगते.) डच आणि फ्रेंच यांपैकी कोणी कोणाकडून घेतला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते दोघांच्याही मुळाशी लॅटिन ‘पुंक्ता’ असावा, म्हणजे टोचलेलं भोक. हे खरं असेल तर बुचाचा बंग आणि आपल्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचं ‘पंक्चर’ एकाच घरातले ठरतात: एकाने भोक पाडायचं, दुसऱ्याने बुजवायचं.

भोकाच्या शब्दातून बुचाचा शब्द निघणं विचित्र वाटतं, पण भाषेत हे सर्रास चालतं. इंग्रजीतही सोळाव्या शतकात ‘बंग’ म्हणजे कधी बूच आणि कधी ते भोकच, असा वापर सुरू झाला. आपण तरी काय करतो? ‘दारात उभा राहू नकोस’ म्हणतो तेव्हा दार म्हणजे भिंतीतली मोकळी जागा. ‘दार लाव’ म्हणतो तेव्हा दार म्हणजे ती जागा बंद करणारा लाकडी पल्ला. मोकळीक आणि अडथळा, दोन्हींना एकच शब्द, आणि आजवर कोणाची गफलत झालेली नाही.

वस्तूवरून क्रिया निघाली. बंग करणं म्हणजे बूच मारणं, कोंदणं. सर्दीने नाक चोंदलं की इंग्रज म्हणतो, नाक ‘बंग्ड अप’ झालंय. मोरीचा पाइप तुंबला तरी तेच. इथवर वाट सरळ आहे, पिंपापासून नाकापर्यंत.

पुढे ती जरा वाकडी होते. एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश बोलीत बंग करणं म्हणजे बेफिकिरीने टाकणं, सरकवणं, ढकलणं. ‘केक ओव्हनमध्ये बंग कर’ म्हणजे टाक एकदाचा. हा अर्थ बूच ठोकण्याच्या जोरावरून आला, की ‘धप्प’, ‘टण्ण’ यांसारखा नुसत्या आवाजावरून, यावर कोशकार एकमत नाहीत. पण एकदा ‘सरकवणं’ आलं की त्याच्या मागून पैसे येणारच. ‘त्याला पाच पौंड बंग कर’ म्हणजे हातात सरकव. आपल्याकडेही पैसे देण्याच्या क्रियापदांवरून ते कसले आहेत हे कळतं: पगार देतात, फी भरतात, देणगी अर्पण करतात, आणि पाकीट सरकवतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये बंग म्हणजे थेट लाच झाली, आणि ती सगळ्यात गाजली फुटबॉलमध्ये. १९९५ च्या फेब्रुवारीत आर्सेनल क्लबने आपले मॅनेजर जॉर्ज ग्रॅहम यांना काढलं. खेळाडूंच्या खरेदीनंतर एका एजंटाकडून त्यांना ४,२५,००० पौंड मिळाले होते. न मागता आलेली भेट होती, असं त्यांचं म्हणणं. रक्कम त्यांनी क्लबला परतही केली. फुटबॉल असोसिएशनने वर्षभराची बंदी घातली. त्या दिवसांत इंग्लंडच्या पेपरांत ‘बंग’ हा रोमन लिपीतल्या चार अक्षरांचा शब्द मथळ्यांचा लाडका होऊन बसला. संपादकांना असे आखूड शब्द फार सोयीचे, जागा कमी लागते.

ही झाली एका बिऱ्हाडाची हकिकत. बूच, भोक, कोंदणं, सरकवणं, लाच. मधले काही दुवे सैल असले तरी माणसं एका घरातली असावीत असं मानता येतं.

शिवीवाला बंग दुसऱ्या बिऱ्हाडाचा. १५६७ च्या सुमारास केंट परगण्यातल्या थॉमस हार्मन नावाच्या गृहस्थाने चोर, भिकारी आणि भटक्यांच्या तऱ्हा सांगणारी एक पुस्तिका काढली. तीत चोरांच्या गुप्त भाषेतले शब्दही दिले. त्यात बंग म्हणजे पैशांची थैली, आणि ‘बंग निपणं’ म्हणजे ती कापून लांबवणं. त्या काळी कपड्यांना आजच्यासारखे खिसे नसत. कमरपट्ट्याला थैली लटकवलेली असे आणि चोर तिचा बंद कापत. संस्कृतात अशा चोराला ‘ग्रंथिभेदक’ म्हणत, गाठ कापणारा, कारण आपले लोक पैसे कपड्याच्या गाठीत बांधत. थैलीवरून तो शब्द थैलीचोरावर गेला. म्हणून ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या दुसऱ्या भागात डॉल टेअरशीट ही बाई पिस्टल नावाच्या बढाईखोराला ‘थैलीकापू’ म्हणते आणि त्याच दमात ‘घाणेरडा बंग’ म्हणून हाकलते. ती त्याला बूच म्हणत नसून चोर म्हणतेय.

हा थैलीवाला बंग जुन्या इंग्रजीतल्या ‘पुंग’शी जोडला जातो, म्हणजे पिशवी. त्याची भावंडं उत्तर युरोपात अजून नांदतात. डॅनिश भाषेत आजही ‘पुंग’ म्हणजे पैशांचा बटवा, आणि पोटाला पिशवी असलेल्या कांगारूसारख्या प्राण्यांना तिथे म्हणतात ‘पुंगडूर’, पिशवीप्राणी.

गंमत अशी की बुचाचा बंगही शेक्सपिअरकडे आहे, तोही त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध नाटकात. ‘हॅम्लेट’च्या पाचव्या अंकात, कबरी खणल्या जात असताना, राजपुत्र हिशेब मांडतो: सिकंदर मेला, पुरला, त्याची माती झाली, मातीचा चिखल झाला, मग त्या चिखलाने कोणी बिअरच्या पिंपाचं भोक का लिंपलं नसेल? जग जिंकलेला माणूस शेवटी बूच. थोड्याच वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या दोन नाटकांत एकाच लेखकाने दोन वेगळे बंग वापरले, आणि प्रेक्षकांना ते कळले, कारण एक बंग पबमधला होता आणि दुसरा चोरबाजारातला.

कांगारूंचा विषय निघालाच आहे तर तिसऱ्या बिऱ्हाडाकडे जाऊ, ताईच्या डिशवॉशरकडे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, आज जिथे ब्रिस्बेन शहर आहे त्या भागात, यगारा भाषा बोलणारे मूळ रहिवासी होते. त्यांच्या भाषेत ‘बंग’ किंवा ‘बाँग’ म्हणजे मेलेला. १८२४ साली ब्रिटिशांनी रेडक्लिफ इथे समुद्रकाठी कैद्यांची वसाहत उभारली. जागा मानवली नाही, वर्षभरात ती गुंडाळून नदीकाठी, आजच्या ब्रिस्बेनच्या जागी नेली. मागे रिकामी घरं उरली. स्थानिक लोक त्यांना ‘उम्पी बाँग’ म्हणू लागले. उम्पी म्हणजे झोपडी, घर. मेलेली घरं. आपण ‘घर ओस पडलं’ म्हणतो त्यापेक्षा हे किती थेट आहे पाहा: माणसं गेली की घर मरतं. इंग्रजांच्या तोंडी त्याचं ‘हम्पीबाँग’ झालं, आणि ते नाव त्या भागात अजून टिकून आहे. (कर्नाटकातल्या हंपीशी याचा संबंध नाही. तिथेही ओस पडलेलं नगर आहे हा निव्वळ योगायोग, पण एखाद्या सकाळच्या फॉरवर्डला तेवढं पुरेसं असतं.)

गोऱ्या वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांशी बोलताना मोडक्यातोडक्या मिश्र इंग्रजीत हा शब्द उचलला. मेलेल्या जनावरावरून तो मोडलेल्या वस्तूवर आला, मग बुडालेल्या धंद्यावर. १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियात एकामागून एक बँकांनी दारं लावून घेतली. आपल्याकडे बँक बुडते, तिथे ती बंग झाली. आज ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये गुडघा बंग असतो, टीव्ही बंग होतो, गाडी बंग पडते. आपल्या मिक्सरने राम म्हटला, तशातलाच प्रकार. ज्या लोकांचा हा शब्द, त्यांची जमीन गेली, भाषा जवळजवळ गेली, आणि एक शब्द लाखो घरांतल्या बिघडलेल्या यंत्रांवर जाऊन बसला. या गोष्टीतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच.

चौथा बंग नुसता दाराशी डोकावून जाऊ दे. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना लोक ‘बुंग कार्नो’ म्हणत. रोमन लिपीत स्पेलिंग तेच. अर्थ मात्र दादा, भाऊ.

आता प्रश्न असा की तीन बिऱ्हाडं वेगळी आहेत हे ठरवायचं कसं? मराठीतलं उदाहरण घेऊ. नारळाचा डोळा, बटाट्याचा डोळा, माणसाचा डोळा. हा एकच शब्द आहे. आकाराच्या सारखेपणावरून तो एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर गेला. पण ‘मान वर कर’ आणि ‘मान दे’ यांतले दोन ‘मान’ वेगळे. गळ्याची मान संस्कृत ‘मन्या’पासून आली, म्हणजे मानेचा मागचा भाग, सन्मानाचा मान वेगळ्या वाटेने आला. उच्चार झिजता झिजता दोघं एकसारखे दिसू लागले. कोशकार अशा शब्दांना एका नोंदीत कोंबत नाहीत. शब्दाच्या डोक्यावर बारीक १, २, ३ असे आकडे घालून स्वतंत्र नोंदी करतात. पुढच्या वेळी कोशात असे आकडे दिसले तर समजा, वेगवेगळ्या कुळांची माणसं एका नावाने उभी आहेत.

हे आकडे घालण्यासाठी कोशकार मुख्यतः तीन गोष्टी तपासतो. शब्द कागदावर पहिल्यांदा कधी सापडतो, कुठे सापडतो, आणि मधल्या पायऱ्या दिसतात का. ऑस्ट्रेलियन बंग पहिल्यांदा सापडतो तो त्याच देशात, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ ‘बिघडलेला’ नसून ‘मेलेला’ आहे. बुचापासून मरणापर्यंत एकही पायरी नाही. म्हणून वेगळं कूळ.

तारखेची कसोटी किती कामाची आहे हे दुसऱ्या एका बुचावरून कळतं. गोटी सोडा आठवतो? गळ्याशी आवळलेली काचेची बाटली, आत गोटी, आणि वायूच्या दाबानेच ती गोटी वरच्या रबरी कड्यावर घट्ट बसलेली. बाहेरून बूच नको, झाकण नको. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७० च्या सुमारास काढली. इंग्रजीत थापेबाजीला, फालतू बडबडीला एक शब्द आहे, ‘कॉड्सवॉलप’. वॉलप म्हणजे बोलीत बिअर. तेव्हा कथा तयार झाली की बिअर पिणाऱ्यांनी कॉडच्या बाटलीतल्या सोड्याला हिणवून ‘कॉडची बिअर’ म्हटलं आणि त्यावरून थापेला हा शब्द मिळाला. कथा झकास आहे. फक्त तो शब्द १९५० च्या दशकाआधी छापील सापडत नाही. ऐंशी-नव्वद वर्षं लोक तो बोलत राहिले आणि एकानेही लिहिला नाही, हे पटत नाही. थापेच्या शब्दाबद्दलचीच ही थाप.

‘बंद’चंही तेच. आपला ‘बंद’ फारसीतून आला आणि तो संस्कृत ‘बंध’चा चुलतभाऊ. त्याच कुळात इंग्रजीचा ‘बाइंड’ आहे, म्हणजे बांधणं. हे नातं पक्कं आहे, ध्वनींचे नियम सगळ्या भाषांत जुळतात. बुचाचा बंग आणि फ्रेंच ‘बाँद’ त्या कुळातले नाहीत, कितीही गोड जुळणी वाटली तरी. बंगल्याचाही संबंध नाही. तो बंगालवरून आला.

खरी नाती बहुधा अशा ठिकाणी निघतात जिथे कोणी शोधत नाही. फ्रेंचमध्ये पिंप बुचापर्यंत काठोकाठ भरण्यावरून ‘बाँदे’ हे विशेषण निघालं, आणि आज ते गच्च भरलेल्या रेल्वेच्या डब्याला लावतात. संध्याकाळी ठाण्याला उतरू न शकलेल्या माणसाला बुचापर्यंत भरलेला डबा म्हणजे काय हे वेगळं समजवायला नको. नॉर्मंडीतल्या नफशातेल गावचं चीज एका आकारात आखूड, जाड नळकांड्यासारखं मिळतं. त्या आकाराचं नाव ‘बाँद’, कारण ते पिंपाच्या बुचासारखं दिसतं. जर्मनीत बूच म्हणजे ‘श्पुंट’, आणि अनुभव नसलेल्या कोवळ्या पोराला तिथे ‘तरुण श्पुंट’ म्हणतात.

पण माझा आवडता शब्द आहे ‘स्टॉप’. एसटीचा स्टॉप, फुलस्टॉपमधला स्टॉप. त्याचा मूळ अर्थ थांबणं नव्हताच. लॅटिन ‘स्तुप्पा’ म्हणजे जवसाच्या खोडाचे राठ, निकस धागे, चोथा. तो चोथा फटीत, भोकात कोंबायचा. त्यावरून क्रियापद आलं भोक बुजवण्याचं. भोक बुजवलं की वाहतं पाणी थांबतं. मग पाण्यावरून ‘थांबवणं’ वेगळं सुटलं आणि माणसांना, गाड्यांना, वाक्यांनाही लागू झालं. आजही प्लंबर पाइपाच्या आट्यांवर सफेदा लावून धागा गुंडाळतो तेव्हा तो ‘स्टॉप’ या शब्दाचं जुनं काम करत असतो.

आणि आपलं ‘बूच’? मराठी वाटतं, पण तेही जहाजातून उतरलेलं दिसतं. पोर्तुगीजांनी आणलेल्या शब्दांत पाण्याची बादली आहे, घमेलं आहे, चावी आहे, आणि पिंपही आहे. पोर्तुगीज ‘पिपा’ म्हणजे दारूचं मोठं लाकडी पीप. पिंप आलं तर त्याचं बूच मागे कशाला राहील? पोर्तुगीजमध्ये ‘बुशा’ म्हणजे भोकात कोंबायचा बोळा, दट्ट्या. आज उच्चार ‘बुशा’ असला तरी सोळाव्या शतकात त्यातला श हा च होता. उत्तर पोर्तुगालच्या काही भागांत तो अजूनही च आहे. चावीचंही तसंच: आजचा पोर्तुगीज ‘शाव’ म्हणतो, पण आपल्याकडे शब्द आला तेव्हा च होता, म्हणून आपण ‘शावी’ म्हणत नाही. शब्दाने प्रवासाच्या वेळचा उच्चार तसाच जपून ठेवलाय.

तिकडे ‘बुशा’नेही पुष्कळ धंदे केले. भिंतीत स्क्रू बसवायचा प्लास्टिकचा तुकडा म्हणजे बुशा, जुन्या बंदुकीत दारूवर ठासायचा बोळा म्हणजे बुशा, ब्राझीलमध्ये अंग घासायची गिलक्याची जाळी म्हणजे बुशा. लॉरेल आणि हार्डी ही जोडी पोर्तुगालमध्ये ‘बुशा आणि एश्तिका’ म्हणून ओळखली जाते. त्यातला बुशा कोण, हे सांगायला नको.

आपल्याकडे बूच तोंडाला लागलं. ‘त्याच्या तोंडाला बूच बसलं’ म्हणजे तो गप्प झाला. गुजरातीत ‘बूच मारणं’ म्हणजे पैसे बुडवणं. इंग्रजांची लाच आणि गुजरातीतली ठकबाजी, बुचाच्या वाट्याला पैशाचे व्यवहार काही चांगले आले नाहीत. दट्ट्याची गत निराळी. तोही भोकात कोंबायचाच, पण मराठी माणसाला त्याच्या कोंबण्यापेक्षा मागून ढकलणं जास्त जाणवलं. म्हणून परीक्षेचा दट्ट्या, बॉसचा दट्ट्या, हप्त्यांचा दट्ट्या. बूच अडवतं, दट्ट्या हाकतो.

आणि मग बुचाचं झाड. पुण्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना सांगायला नको. उंच सरळ खोड, आणि पावसाळा सरता सरता पहाटे खाली पडलेला पांढऱ्या, लांब नळीच्या सुगंधी फुलांचा सडा. आम्ही मुली त्या फुलांची वेणी दोरा न घेता करायचो, नळ्या एकमेकींत गुंफत. हे झाड मूळचं ब्रह्मदेश आणि त्यापलीकडच्या आग्नेय आशियातलं. त्याची साल जाड, भेगाळलेली, स्पंजासारखी दबणारी. खरं कॉर्क येतं भूमध्य समुद्राकाठच्या एका ओकच्या सालीतून. तो वृक्ष सुमारे पंचवीस वर्षांचा झाला की पहिल्यांदा सोलतात आणि मग दर नऊ वर्षांनी. जगातलं जवळपास निम्मं कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतं. ते मिळेना तेव्हा या झाडाच्या सालीची हलक्या प्रतीची बुचं करत. झाडाला बुचाचं नाव लागलं ते असं. मी लहानपणी उलटं समजत होते, की झाडाचं नाव बूच म्हणून बाटलीच्या झाकणालाही बूच म्हणतात. पायऱ्या न तपासता शब्दाचं कूळ ठरवलं की असं होतं.

हे सगळं मी ताईला लिहून कळवलं. एवढा मोठा मेसेज तिने वाचला की नाही कोण जाणे. चार दिवसांनी तिचा फोटो आला: ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर डिशवॉशरची काढलेली जाळी, आणि जाळीत अडकलेल्या लिंबाच्या तीन बिया आणि भाताचा लगदा. खाली लिहिलं होतं, ‘दुरुस्तीवाला म्हणाला, ड्रेन बंग्ड अप होता, म्हणून मशीन बंग झालं. आता सांग, यातला तुझा कुठला?’

मी उत्तर लिहिलं, ‘पहिला डच, दुसरा यगारा.’ तिने अंगठा पाठवला.